गोडाचं सॅलड

झाम्फिराच्या आणि माझ्या अंगणांच्या मधे लाकडी फळ्यांचं कुंपण आहे. फळ्या उन्हापावसानं आकसल्या, मधे फटी पडल्या. त्या फटींतून मी तिला अर्धं आयुष्य बघत आलो, आणि तीही मला बघत असणार. फट दोन्ही बाजूंनी सारखीच रुंद असते.

बघून मला काय कळलं? ती कोंबड्या पाळते. मोठ्या उपासात, ईस्टरच्या आधीच्या त्या लांबलचक आठवड्यांत, आळीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या अंडी घालतात आणि कुणीच ती खात नाही. टोपल्या भरतात, तळघरात जातात, ईस्टरला रंगवली जातात. झाम्फिराच्या टोपल्या किती भरतात ते मला कधी दिसलं नाही. दिसली ती कवचं, तिच्या टोमॅटोच्या वाफ्यात, मार्च महिन्यात. कवचं कुटून कोंबड्यांनाही घालतात, जुनी साठवलेलीही असू शकतात. असू शकतात. आणखी एक गोष्ट मी बघितली, म्हणजे बघू शकलो नाही: सॅलडचं मेयोनेज घोटायला घेतलं की ती स्वयंपाकघराचं दार आतून लावते.

"नजर लागली की फुटतं ते," ती म्हणायची. यात खोटं काही नाही. मेयोनेजवर कुणाचा डोळा पडला की तेल वेगळं, पाणी वेगळं, हे आमच्या नदीकाठच्या कुठल्याही बाईला विचारा. पण बंद दार ते बंद दारच.

खालच्या आळीत कुणी मेलं की तिघांना बोलावणं जायचं. फादर व्हिसारिओनना, खड्डा खणणाऱ्याला आणि झाम्फिराला. दफनाच्या दिवशी, चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी, वर्षानं मेलेल्याच्या नावानं जेवण वाढायचं असतं. ताट हातात देताना आम्ही म्हणतो, "पोचो." घेणारा म्हणतो, "देव त्यांना क्षमा करो." एवढंच. पण सगळं त्या 'पोचो'वर आहे. आमच्या बोलीत जेवणं दोन तऱ्हेची: उपासाचं आणि गोडाचं. गोडाचं म्हणजे साखरेचं नव्हे. मांस, अंडं, दूध, लोणी, जनावराचा अंश ज्यात आहे ते गोडाचं. विधीला शिजवलेल्या गव्हात साखर आणि अक्रोड घालून जी कोलिवा करतात, ती जिभेला गोड लागते, पण ती उपासाची. खारवलेलं डुक्कर जिभेला नुसतं मीठ, पण ते गोडाचं. उपासाच्या दिवसांत गोडाचं वाढलं, चुकून का होईना, तर ते पोचत नाही. मेलेला तिकडे ताट धरून उभा राहतो आणि ताट रिकामं.

माझी बायको व्हेटा नाताळच्या उपासात गेली. तिचं जेवण झाम्फिरानंच केलं होतं. हे आत्ताच सांगून ठेवतो.

झाम्फिरा बोलायला तिखट. नवरा लिक्सांद्रू बंदरावर मजूर होता, क्रेनखाली गेला. मूल नाही. हाताची नखं कायम आखूड, बोटं गाजरानं पिवळी. संध्याकाळी फाटकासमोरच्या बाकावर बसून ती सूर्यफुलाच्या बिया सोलायची आणि शेजारी साफ्तिका बसायची. साफ्तिकाही विधींचा स्वयंपाक करायची. म्हणजे झाम्फिरा मोकळी नसेल तेव्हा. त्यामुळे त्यांच्या मैत्रीत एक खडा कायमचा होता.

"सॅलड कशाला म्हणायचं ते तरी ठरव," साफ्तिका म्हणायची. "तू कशालाही सॅलड म्हणतेस."

"कापलेलं, गार आणि आंबट. तिन्ही असलं की सॅलड."

"मग बरणीतली कोबी?"

"बरणीत आहे तोवर लोणचं. बशीत काढून तेल आणि लाल तिखट टाकलंस की सॅलड."

"वांग्याचं?"

"भाजायचं, लाकडी सुरीनं चेचायचं, लिंबू पिळायचं. सॅलड. लोखंडी सुरी लावलीस तर काळं पडतं, मग ते काय म्हणायचं तू ठरव. तुझं काळंच असतं."

"आणि माशांच्या अंड्यांचं? त्यात कापलेलं काय?"

"कांदा."

"बरं, ते उपासाला चालतं का? अंडीच ना ती?"

"माशाची आहेत. तुझ्या कोंबडीनं कधी नदीत घातलीत का?"

साफ्तिका हसायची, पण डोळे हसायचे नाहीत. माझंही तसंच होतं. मी कुंपणाशी टेकून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, काही सॅलडांवर विश्वास ठेवता येतो. वसंतात येणारी कोवळी पानं, व्हिनेगर, पातीचा कांदा. त्यात लपवायला जागाच नाही. उन्हाळ्यातले टोमॅटो-काकडी, वर किसलेलं चीज, सगळं उघड्यावर. पण बेफ सॅलडचं तसं नाही. बटाटा, गाजर, सेलरीचं मूळ उकडून दाण्याएवढं चिरतात, व्हिनेगरमधली काकडी आणि लाल मिरची घालतात, वाटाणे घालतात, सगळं मेयोनेजमध्ये कालवतात आणि वरून मेयोनेजचाच पांढरा थर देऊन गुळगुळीत करतात, चुन्यानं लिंपलेल्या थडग्यासारखा. बेफ म्हणजे म्हणे फ्रेंचांचा बैल. उपासाच्या सॅलडात बैल नसतो, त्याच्या जागी अळंबी. आणि मेयोनेजमध्ये अंडं नसतं, त्याच्या जागी काय ते ज्याचं त्याला ठाऊक. नाव मात्र बैलाचंच. ज्याचं नावच खोटं त्याच्या आत काय आहे हे चमचा घातल्याशिवाय कळत नाही, आणि झाम्फिराच्या सॅलडात चमचा घातल्यावरही कळायचं नाही. साफ्तिकाचं उपासाचं मेयोनेज भिंतीला कागद चिकटवायच्या खळीसारखं लागायचं, आणि त्यामुळे मनाला एक प्रकारची शांती मिळायची. झाम्फिराचं रेशमासारखं उतरायचं. अंड्यासारखं. प्रत्येक घासाला मला वाटायचं, उपासात एवढं चांगलं लागायला नको.

वाटायचं सगळ्यांनाच. बोलत कुणी नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी स्तेरियान घिनेआ वारला. उपासाच्या बाबतीत हा माणूस आळीत सगळ्यांत कडक. तरुणपणी फौजेत असताना त्यानं गुड फ्रायडेला भुकेपोटी डुकराच्या चरबीचा तुकडा खाल्ला होता, आणि तो तुकडा जन्मभर त्याच्या घशात अडकून राहिला. दुसऱ्याच्या घरी उपासाचं जेवायला बसला की आधी वास घ्यायचा. मरताना बायकोला, ओलिंपियाला, म्हणाला, "बाकी कसंही कर. माझ्या नावानं अंडं जाता कामा नये."

चाळीस दिवस मोठ्या उपासात भरत होते. मोठ्या उपासात मेलेल्यांचे विधी शनिवारीच होतात. मार्चमधला एक शनिवार ठरला. ओलिंपिया झाम्फिराकडे आली तेव्हा मी अंगणात द्राक्षवेल छाटत होतो.

"झाम्फिरा, तू करशील ना? बीन्स, भात भरलेले कोबीचे रोल, आणि तुझं सॅलड."

"करीन की."

"ते म्हणाले होते ना, की..."

"ठाऊक आहे काय म्हणाले होते. अख्ख्या आळीला ठाऊक आहे. माझ्या पातेल्यात ते तीनदा वाकले असतील आयुष्यात, नाक बुडेस्तोवर."

"तसं नाही गं."

"कसं नाही? येऊन कर म्हणतेस आणि तोंडानं विचारतेस. एक काहीतरी कर."



मुलगा रेलू इटलीहून आला, बायकोला घेऊन. तो तिथे इमारतींना रंग द्यायचा. बायको ओर्नेला तिथलीच. सडपातळ, घाबरट, सासूचा काळा रुमाल डोक्याला बांधलेली. तिला आमचे दहा-वीस शब्द येत होते आणि ते सगळे तिला एकदम वापरायचे होते.

शुक्रवारी दुपारी मी त्यांच्याकडे बाकं नेऊन ठेवली. तेवढ्यात झाम्फिरा सॅलडचे ट्रे घेऊन आली. थंड पडवीत ठेवायचे होते. पांढऱ्या थरावर तिनं लाल मिरचीच्या पट्ट्यांचा क्रूस घातला होता, कडेनं ऑलिव्ह.

"हे काय?" ओर्नेलानं विचारलं.

"सॅलड," ओलिंपिया म्हणाली.

"हे? सॅलड?" तिनं वाकून पानं शोधली.

"आमच्याकडे हेच गं," रेलू हसला. "पानं बकऱ्यांना."

"आमच्याकडे ह्याला रशियन म्हणतात," ओर्नेला तिच्या भाषेत म्हणाली, आणि रेलूनं ते आम्हाला सांगितलं.

"रशियन?" ओलिंपियानं छातीवर क्रूस काढला. "रशियनांनी ह्यांच्या वडिलांचं मनगटी घड्याळ नेलं, सायकल नेली. आता सॅलडही त्यांचंच का?"

झाम्फिरासुद्धा हसली. बरं चाललं होतं. मग रेलू दारू काढायला तळघरात उतरला आणि झाम्फिरा उरलेले ट्रे आणायला घरी गेली. ओर्नेलानं ट्रेच्या कोपऱ्याला बोट लावलं, चाटलं, सासूकडे बघून तोंडभर हसली आणि तिला आठवला तो शब्द मोठ्यानं म्हणाली:

"गोड!"

ओलिंपियाच्या हातात बशा होत्या. तिनं त्या हळूच टेबलावर ठेवल्या.

"काय म्हणालीस?"

"गोड. खूप गोड!" सासूला ऐकू आलं नसेल असं वाटून तिनं आणखी जोरात सांगितलं.

ओलिंपियानं माझ्याकडे बघितलं. मी ट्रेकडे बघितलं. लाल क्रूस अगदी सरळ होता.

"पांदेलेदादा," ती कुजबुजली, "ही परकी. उपास म्हणजे काय हिला ठाऊक नाही. आपल्यातले हेवेदावे ठाऊक नाहीत. हिच्या घरी रोज अंड्याचंच मेयोनेज. ही कशाला खोटं बोलेल?"

खरं सांगायचं तर मी याला उत्तर शोधलंही नाही. इतकी वर्षं जे घशाशी येऊन थांबत होतं ते दुसऱ्याच कुणीतरी बोलून टाकलं, म्हणून एक घाणेरडा सुटकारा वाटला. मी घरी आलो. फटीतून दिसलं, झाम्फिरा दुसरे ट्रे कापडानं झाकत होती, आणि काहीतरी गुणगुणत होती.

रात्रीतून आळीत काय फिरलं ते सांगायची गरज नाही. शनिवारी कबरीवर मेणबत्त्या लागल्या, कोलिवा वर उचलून धरली गेली, दारूचे थेंब मातीत पडले, आणि आम्ही घिनेआंच्या अंगणात जेवायला बसलो. बीन्स संपले. कोबीचे रोल संपले. पाव दोनदा आणावा लागला. सॅलडच्या ट्रेंना कुणी शिवलं नाही. एवढ्या टेबलावर ते पांढरे चौकोन तसेच पडून होते, बर्फ वितळायचा राहून गेल्यासारखे. चमचे त्यांना वळसा घालून जात होते.

झाम्फिरा वाढायला उभी होती. तिनं एकदा बघितलं. दुसऱ्यांदा बघितलं. मग साफ्तिकाला विचारलं, "काय झालंय?"

"कुठे काय?"

"साफ्तिका. तू माझं सॅलड खात नाहीस. तू? नवरा मेला त्या दिवशीसुद्धा दोनदा घेतलं होतंस."

"पोट बरं नाही."

"एवढ्या सगळ्यांची पोटं एकदम?"

तेव्हा ओलिंपिया टेबलाच्या टोकाकडून, रडत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "झाम्फिरा, माझ्या माणसानं एकच मागितलं होतं तुझ्याकडे!"

मग सगळं बाहेर पडलं. झाम्फिरानं ऐकून घेतलं. ती ओरडेल, शिव्या देईल असं मला वाटलं होतं. तिनं एप्रनला हात पुसले, एक ट्रे उचलला, म्हणाली, "मेलेल्याच्या नावाचं अन्न फेकता येत नाही. डुकरांनाही घालता येत नाही. मी एकटीनं किती खायचं हे?" आणि फाटकातून गेली. बाकीचे ट्रे रेलू पोचवून आला.

रविवारी चर्चच्या दारात रेलूनं सगळ्यांना थांबवून सांगायचा प्रयत्न केला. "अहो, तिला साखर म्हणायचं होतं! साखर! त्यांच्याकडे तो शब्द आणि आपला शब्द जवळजवळ एकच. उपास-बिपास तिच्या डोक्यातही नाही. गाजर गोड लागलं तिला, बस्स." ओर्नेला शेजारी उभी राहून मान हलवत होती, डोळे लाल.

गोष्ट इथंच संपायला हवी होती. कुठल्याही शहाण्या गावात संपली असती. पण संशय एकदा जागा झाला की जागं करणाऱ्याची त्याला गरज उरत नाही. त्या रात्रीपासून आळीतला प्रत्येकजण आपापले मेलेले आठवत बसला होता.

"गाजर गोड लागलं म्हणे," साफ्तिका म्हणाली. "माझ्या सॅलडात गाजरच असतं ना? मला कुणी कधी गोड म्हटलंय?"

"तुला कुणी म्हणणार नाही, मावशी," रेलू म्हणाला.

"हसा. पण माझ्या आईचं वर्ष हिनं केलंय. नाताळच्या उपासातल्या शुक्रवारी. माझी आई तिकडे काय खाते आहे?"

हाच प्रश्न होता. एका स्तेरियानचा नव्हता. खालच्या आळीचे सगळे मेलेले झाम्फिराच्या हातचं जेवले होते. तिचं सॅलड गोडाचं असेल तर टेकडीवरचं अख्खं कबरस्तान उपाशी होतं, आणि त्यात तिचा लिक्सांद्रूही. मी व्हेटाचा विचार केला. ती जिवंतपणी भूक सहन करू शकत नव्हती. दुपारच्या जेवणाला उशीर झाला की तिचे हात थरथरायचे.

फादर व्हिसारिओन थकलेले, मऊ स्वभावाचे गृहस्थ. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि झाम्फिराच्या अंगणात आले. मी कुंपणाजवळ होतो.

"झाम्फिराबाई, एकदा सगळ्यांसमोर करून दाखवा. मिटून जाईल."

"शपथ घेते. क्रूसावर हात ठेवून."

"शपथेनं तोंडं बंद होतील. मनं नाही होणार."

"आणि फुटलं तर? एवढे डोळे लागल्यावर फुटणारच. मग म्हणतील, बघा, अंड्याशिवाय हिला जमतच नाही."

तीच खरी अडचण होती. न केलं तर चोर, केलं आणि बिघडलं तर चोर. पण आळीत त्या आठवड्यात आणखी एक माणूस वारला आणि बोलावणं साफ्तिकाला गेलं. ते कळल्यावर झाम्फिरानं फादरना निरोप पाठवला: "येते. शनिवारी."

चर्चच्या मागे जेवणाची लांब खोली आहे. तिथे भिंतीला लागून आम्ही उभे होतो, खुर्च्यांवर बायका. झाम्फिरानं टेबलावर एकेक वस्तू मांडली: मैदा, पाणी, मोहरीची बाटली, सूर्यफुलाचं तेल, लिंबू-सत्त्वाची पुडी, उकडलेलं गाजर. तिनं बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. साफ्तिकानं पुढे होऊन रिकामं भांडं उलटं करून बघितलं.

"खालून नाही, आतून बघ," झाम्फिरा म्हणाली. "अंडं खालून चिकटवत नाहीत."

मैदा पाण्यात शिजवून तिनं खळ केली, खिडकीत ठेवून गार केली. गाजर तारेच्या चाळणीतून घासून तिनं खळीत मिसळलं, मोहरी घातली, आणि लाकडी चमच्यानं एकाच दिशेनं घोटायला लागली. तेल थेंबाथेंबानं. मी तिच्या मनगटाकडे बघत होतो.

"हे शिकलात कुठे?" फादरनी विचारलं. शांतता त्यांना सहन झाली नसावी.

"बंदराच्या कॅन्टीनमध्ये. जुन्या राजवटीत. कागदावर अंडी यायची, टोपलीत यायची नाहीत. साहेब म्हणायचा, पहिली मे आहे, मजुरांना बेफ सॅलड द्यायचं. बेफ नाही, अंडी नाहीत. मग खळ."

"म्हणजे देवासाठी नाही शिकली," साफ्तिका शेजारणीला म्हणाली.

"नाही," झाम्फिरा न थांबता म्हणाली. "नव्हती म्हणून शिकले. देवाला नंतर उपयोगी पडलं."

"आणि गाजर?" ओलिंपियानं विचारलं. पहिल्यांदाच बोलली ती. "सगळ्यांचीच असतात गाजरं."

"तुमची बाजारातली. माझी तळघरात वाळूत पुरलेली, थंडी खाल्लेली. मार्चपर्यंत साखर धरतात."

मेयोनेज फुटलं नाही. सगळे डोळे लागूनही ते दाट झालं, चकाकलं, चमच्याला चिकटून उभं राहिलं. तिनं चिरलेल्या भाज्या कालवल्या, वर थर दिला आणि बशी ओलिंपियासमोर सरकवली.

ओलिंपियानं खाल्लं. बराच वेळ तोंडात धरलं.

"तेच आहे," ती म्हणाली. खोलीत सगळ्यांनी श्वास सोडला. पण तिचा चेहरा सुटला नाही. ती बशीकडे बघत राहिली, आणि मग हळू म्हणाली, "आज तेच आहे. पण त्या दिवशी दार बंद होतं."

मला तिचा राग आला नाही, कारण मीही तेच म्हणत होतो, मनात. आज तिनं खळ केली हे आम्ही पाहिलं. आजच्याखेरीज काहीच आम्ही पाहिलं नव्हतं. कालचं दार आज उघडून बघता येत नाही.

झाम्फिरानं चमचा भांड्यावर आपटून झटकला. "ठीक आहे," ती म्हणाली. "मी काही म्हणत नाही. तूच म्हण, ओलिंपिया. ही बशी तुझ्या स्तेरियानच्या नावाची. सगळ्यांसमोर एकच काय ते म्हण. पोचलं, किंवा नाही पोचलं. नाही पोचलं म्हणालीस तर त्यांना सांग, चाळीस दिवसांचं जेवण बुडालं, ते पुन्हा घालता येत नाही, उपाशी राहा."

"असं काय बोलतेस!"

"मी कुठे बोलते? तू बोल."

ओलिंपियानं फादरकडे बघितलं. फादर खिडकीकडे बघत होते. बाहेर घंटेच्या दोराची कडी वाऱ्यानं वाजली. ओलिंपियाचे ओठ दोनदा हलले. मग तिनं बशी दोन्ही हातांनी उचलली, शेजारणीपुढे धरली आणि जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली:

"पोचो."

"देव त्यांना क्षमा करो," शेजारीण म्हणाली, आणि तिनं खाल्लं.

मग सगळे पुढे आले. साफ्तिका दुसरी होती. "माझ्या आईला, पोचो." आणखी कुणी बापाला, कुणी भावाला. मी बशी धरली आणि व्हेटाचं नाव घेतलं. झाम्फिरा वाढत राहिली. आम्ही हे तिच्यासाठी करत नव्हतो हे तिला कळत होतं. आमच्या मेलेल्यांच्या ताटात काहीतरी पडावं म्हणून आम्ही तिच्यावर विश्वास ठेवत होतो, दुसरा इलाज नव्हता म्हणून. तिनं शेवटची बशी स्वतःसाठी भरली, लिक्सांद्रूचं नाव घेतलं, पण ती घ्यायला समोर कुणी उरलं नव्हतं. फादर पुढे झाले आणि त्यांनी ती घेतली.

त्यानंतर बोलावणी पुन्हा तिच्याकडे यायला लागली.

जुलैच्या शेवटी स्तेरियानचे सहा महिने झाले. उपासाचे दिवस नव्हते, शनिवार होता, गोडाचं चालत होतं. ओलिंपियानं स्वतः येऊन सांगितलं, "या वेळी नीट कर, झाम्फिरा. बैलाचं मांस घाल, अंडी घाल. रेलूनं इटलीहून पैसे पाठवलेत. हवी तेवढी घाल."

झाम्फिरानं अंगणात, अक्रोडाच्या सावलीत टेबल मांडलं. मी फटीशी होतो, लपलोही नव्हतो. तिनं अंडी एकेक करून भांड्याच्या कडेवर फोडली, पिवळं वेगळं केलं, पांढरं वेगळं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मोजतोस का, पांदेले?"

"नाही."

"मोज की. पुन्हा संधी मिळायची नाही."

सॅलड झालं, सूर्यफुलासारखं पिवळंधमक. संध्याकाळी घिनेआंच्या अंगणात ट्रे मांडले, आणि या वेळी सगळ्यांनी आधी त्यातच चमचे घातले. दोन-तीन घास गेले. मग साफ्तिका माझ्याकडे झुकली.

"काय वाटतं तुला?"

"कशाबद्दल?"

"उपासातलं बरं होतं. जिभेवर कसं उतरायचं ते. हे जरा... कोरडं." तिनं ओलिंपियाकडे बघून आवाज आणखी खाली आणला. "अंडी घेतली हिनं, घातली का पण? अर्धी घरी राहिली असतील. ती खळच आहे ही, मी सांगते तुला. रंग मोहरीचा."

मी तिला सांगायला हवं होतं की मी उभा राहून पाहिलं. एकेक अंडं फुटताना पाहिलं, टरफलं बादलीत पडताना ऐकलं. मी आणखी एक घास घेतला, तोंडात फिरवला, जिभेनं शोधत राहिलो.

"हो," मी म्हणालो. "कमी वाटतात."